चाकांवरचं घर : घ्यायचं की भाड्याने आणायचं?

निवृत्तीच्या समारंभातली शाल अजून कपाटात गेलेली नसते, नारळ देवापुढे असतो, फंडाचे पैसे नुकतेच बँकेत जमा झालेले असतात आणि त्याच आठवड्यात घरचे यजमान एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन येतात. मुखपृष्ठावर पांढरीशुभ्र गाडी, तिच्या कुशीतून निघालेलं कापडी छप्पर, दोन घडीच्या खुर्च्या आणि मागे डोंगर. ‘‘बघ! आता हॉटेलं शोधायला नकोत, बॅगा भरायला-उपसायला नकोत. जिथे मन रमेल तिथे मुक्काम. पहिली ट्रिप तंजावर!’’

बाई माहितीपत्रक उलटसुलट करून पाहतात आणि दोनच प्रश्न विचारतात. पहिला : ‘‘अहो, यात संडास आहे का?’’ उत्तर येतं, ‘‘आहे तर! आतल्या आत.’’ बाईंचा चेहरा खुलतो. मग दुसरा प्रश्न : ‘‘आणि हा ओटा कशाला?’’

असं घर पुण्या-नाशकात, ठाण्या-डोंबिवलीत कुठेही सापडेल. मोटरहोम किंवा कॅराव्हॅन, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी, पूर्वी फक्त परदेशी सिनेमात दिसायची. आता ती आपल्याकडे भाड्यानेही मिळते आणि ऐपत असेल तर बांधूनही मिळते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनेही आणलं आणि २०२२मध्ये तिथे वागामोनला पहिलं कॅराव्हॅन पार्क सुरूही झालं. तेव्हा गाडी मिळते का, हा प्रश्न आता राहिलेला नाही. आयुष्यभराच्या पुंजीतला मोठा तुकडा तिच्यात घालावा का, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधण्यासाठी तंजावरइतकं सोयीचं ठिकाण नाही. कारण प्रवासातल्या मुक्कामाचा विचार तिथल्या मराठी राजांनी दोनशे वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे.

राजाचा तांडा, प्रजेचं छत्र

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापली. ती १८५५ सालापर्यंत टिकली. या घराण्यातले सर्वांत नावाजलेले राजे म्हणजे दुसरे सरफोजी. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचं वैभव दिलं ते त्यांनीच.

हे सरफोजी राजे १८२० साली काशीयात्रेला निघाले ते १८२२मध्ये परतले. बरोबर सुमारे तीन हजारांचा लवाजमा होता. जिथे थांबावं तिथे गाव वसवायचं आणि हललं की गुंडाळायचं, असा तो चालता-फिरता संसार. आजच्या भाषेत, चाकांवरचं घर कसलं, चाकांवरचं शहरच! पण राजाला ते शोभलं. प्रवास दोन वर्षांचा होता, माणसं हजारो होती आणि खजिना स्वतःचा होता.

याच राजांनी आपल्या राज्यातून जाणाऱ्या सामान्य यात्रेकरूंसाठी काय केलं? त्यांच्यासाठी तंबू-गाड्या पुरवल्या नाहीत. रामेश्वरच्या वाटेवर छत्रं चालवली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र यांचा मिलाफ. तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यातलंच. १८०१ साली सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था वर्णन केली होती. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे. काहींना शिजवलेलं, काहींना शिधा. आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलांना दूध. मध्यरात्री घंटा वाजवून विचारत, कोणी जेवायचं राहिलं आहे का?

मोटरहोमचा विचार करणाऱ्याने ही घंटा कानात ठेवावी. वाहन हा प्रवासाचा अर्धा भाग. दिवस मावळल्यावर ते कुठे उभं राहणार, पाणी कुठे मिळणार, घाण कुठे जाणार, हा उरलेला अर्धा. परदेशात हा दुसरा अर्धा भाग तयार असतो. न्यूझीलंडला किंवा जर्मनीला गेलेली मराठी कुटुंबं मोटरहोमचं एवढं कौतुक करतात, ते या सोयींमुळे. रात्री गाडी लावायला आखलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि मैला ओतायचं ठरावीक ठिकाण. आपल्याकडे अशी पार्कं होऊ लागली आहेत, पण ती मोजकीच. म्हणून मुक्कामांचा शोध आधी घ्यायचा आणि गाडीचा मग.

हिशेब रात्रींचा मांडा

घरात मोटरहोमचा विषय निघाला की सगळे किमतीवर बोलतात. खरं तर पहिला आकडा कागदावर मांडायचा तो रात्रींचा. वर्षातल्या किती रात्री ही गाडी वापरली जाणार? स्वप्नातल्या नव्हे, प्रत्यक्षातल्या. गेल्या तीन वर्षांत आपण किती दिवस घराबाहेर होतो, हे जुन्या डायऱ्या आणि तिकिटं पाहून काढा. लग्नकार्य आणि लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेले दिवस त्यातून वजा करा. बहुतेक घरांत आकडा पंधरा-वीसच्या पुढे जात नाही.

आता पैशांकडे वळू. खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. तुम्हाला मिळालेले खरे दर त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

समजा, गाडी ३० लाखांची आहे. दहा वर्षांनी ती ८ लाखांना विकली गेली, तर २२ लाख झिजले, म्हणजे वर्षाला २ लाख २० हजार. या दहा वर्षांत तुमचे सरासरी १९ लाख गाडीत अडकून राहिले. ते बँकेत ठेवून ७ टक्के व्याज मिळालं असतं, तर वर्षाला १ लाख ३३ हजार आले असते. निवृत्तांसाठी हे व्याज म्हणजे महिन्याची भाजी, औषधं आणि मोलकरणीचा पगार, हे विसरू नका. विमा, देखभाल, टायर आणि बॅटरी यांसाठी वर्षाला ८० हजार धरा. गाडी उभी करायला भाड्याची जागा लागली, तर महिना ३ हजारांनी ३६ हजार. एकूण बेरीज ४ लाख ६९ हजार. गाडी एक मैलही न हलता!

हीच गाडी दिवसाला १२ हजारांनी भाड्याने मिळते असं धरा. ४ लाख ६९ हजारांत ती ३९ दिवस मिळेल. म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास दिवस, तेही दहा वर्षं सतत वापरणार असाल, तरच खरेदीचा विचार सुरू करायचा. वर्षाला पंधरा दिवस फिरणाऱ्याला भाडं १ लाख ८० हजार पडेल. खरेदीत त्याचे दरवर्षी पावणेतीन लाखांहून जास्त पाण्यात जातील. डिझेल दोन्हीकडे सारखंच. पुणे ते तंजावर सुमारे साडेबाराशे किलोमीटर. जाऊन-येऊन अडीच हजार. लिटरला ९ किलोमीटर आणि ९५ रुपये धरले, तर डिझेलचेच २६ हजार होतात. टोल वेगळा.

प्रामाणिकपणे तिसरा आकडाही मांडायला हवा. नवरा-बायको दोघंच असतील आणि बरी खोली ३ हजारांत मिळत असेल, तर अकरा रात्रींचे ३३ हजार होतात. कॅराव्हॅनचं बारा दिवसांचं भाडं १ लाख ४४ हजार. तेव्हा ‘हॉटेलचे पैसे वाचतात’ हे कारण सांगून कोणी मोटरहोम घेत असेल, तर त्याने कॅल्क्युलेटर पुन्हा दाबावा. मोटरहोम हा हौसेचा आणि सोयीचा खर्च आहे. हौस जरूर करावी, पण ती हौसेच्या नावाने करावी, बचतीच्या नव्हे.

तंजावरच्या मोठ्या देवळाचा रथ आठवा. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०१५ साली नव्या रथातून तिथला रथोत्सव पुन्हा सुरू झाला. रथ वर्षातून एकदा मिरवतो आणि उरलेलं वर्ष जागेवर उभा असतो. देवाला ते परवडतं. पेन्शनवाल्याला परवडेल का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

‘उरलेले दिवस भाड्याने देऊ’

हिशेब अंगावर आला की यजमान हमखास एक तोडगा काढतात. ‘‘आपण महिनाभर वापरू, बाकीचे अकरा महिने भाड्याने देऊ. गाडी स्वतःचे पैसे स्वतःच फेडील!’’ ऐकायला झकास वाटतं. पण खासगी वापरासाठी नोंदवलेली, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. धंदा करायचा, तर गाडीची नोंदणी तशी हवी, परमिट हवं, ठरावीक मुदतीने योग्यता तपासणी हवी आणि विमाही त्याच प्रकारचा हवा. खासगी विम्यावर भाडं मारताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय गिऱ्हाईक शोधणं, परत आलेली गाडी धुणं, मोडलेली कडी बसवणं हे सगळं कोण करणार? निवृत्तीनंतर नवी नोकरीच लागायची!

दुसरा तोडगा असतो ओळखीच्या गॅरेजवाल्याचा. ‘‘जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ, सीटं काढू, पलंग ठोकू. निम्म्यात काम!’’ इथेही कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हे स्पष्टपणे बजावलं आहे. कॅराव्हॅनसाठी स्वतंत्र तांत्रिक मानक आहे. मान्यता असलेल्या बांधणीदाराकडून गाडी बनवून घेणं आणि आर.टी.ओ.मध्ये ‘कॅराव्हॅन’ म्हणूनच तिची नोंद होणं, हाच सरळ मार्ग. निम्म्यात झालेलं काम पहिल्याच नाक्यावर पूर्ण किमतीत पडतं.

तंजावरात गाडीचं काय काम?

आता माहितीपत्रक मिटून नकाशा उघडू. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधलं. ते १०१० साली पूर्ण झालं. १९८७मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि २००४मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरमची मंदिरंही त्याच्या जोडीला आली. याच बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा भला मोठा मराठी शिलालेख आहे. शेकडो मैल दूर येऊन देवळाच्या भिंतीवर आपली भाषा वाचताना मराठी माणसाचा गळा दाटून येतो. यजमानांचा हट्ट काही उगाच नाही.

पण अंतरं बघा. तंजावरहून तिरुवैयारू १३ किलोमीटर, दारासुरम ३५च्या आसपास, कुंभकोणम ४०, गंगैकोंडचोळपुरम ७०. सगळं काही सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगं. दर दहा मैलांवर देऊळ आणि दर कोपऱ्यावर गरम इडली. कावेरीच्या या सुपीक मुलखात गावाला गाव लागून आहे. मोटरहोमची खरी गंमत असते ती जिथे शंभर शंभर किलोमीटर वस्ती नाही आणि चांगली खोली मिळत नाही तिथे. तंजावरात एका बऱ्या लॉजमध्ये तीन रात्रींचा तळ ठोकावा आणि छोट्या टॅक्सीने फिरावं, हेच शहाणपणाचं. जुन्या शहरातल्या आणि कुंभकोणमच्या देवळांभोवतालच्या गल्ल्यांत मोठी गाडी घालणं म्हणजे सासरी हत्ती घेऊन जाण्यासारखं आहे. सगळे बघायला येतात, पण बांधायला जागा कुणाकडे नसते.

मग मोटरहोमचा तिथे उपयोगच नाही का? आहे, आणि तो नेमका दुपारी आहे. तमिळनाडूतल्या बहुतेक मंदिरांचे गाभारे दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ते चारला उघडतात. सकाळी दहा-साडेदहाला पोहोचलेलं कुटुंब दुपारचे चार तास काढणार कुठे? उन्हात, रसवंतीच्या बाकावर? गुडघे धरलेल्या आजींना त्या वेळी आडवं व्हायला अंथरूण आणि उठून चार पावलांवर न्हाणीघर मिळालं, तर संध्याकाळचं दर्शन त्यांच्या नशिबी येतं. नाही तर त्या म्हणतात, ‘‘तुम्ही जाऊन या, मी इथूनच हात जोडते.’’

बाईंचा पहिला प्रश्न इथेच येऊन मिळतो. प्रवासात कितीतरी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नसतो आणि गाडी थांबवा म्हणायची चोरी. दिवसभर घसा कोरडा ठेवायचा आणि घरी आल्यावर आठवडाभर डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायच्या. पुरुषांना हा हिशेब दिसत नाही, कारण त्यांना तो करावा लागत नाही. कोणी बाई मोटरहोमसाठी आग्रह धरत असतील, तर त्यामागे बहुधा हे कारण असतं आणि ते मोठं कारण आहे. पण त्यासाठी ३० लाख घालण्याआधी ती सोय दहा दिवस भाड्याने घेऊन पाहता येते, हेही खरं.

चकचकीत चित्रात न दिसणारं

माहितीपत्रकात ए.सी. असतो, तो कशावर चालतो ते नसतं. साधा हिशेब करा. १२ व्होल्टच्या १०० ॲम्पिअर-अवर बॅटरीत पूर्ण भरल्यावर १,२०० वॅट-अवर वीज मावते. दीड टनाचा ए.सी. ताशी दीड हजाराच्या आसपास खातो. म्हणजे गाडी बंद करून त्या बॅटरीवर तो तासभरही धड चालणार नाही. पन्नास वॅटचा पंखा मात्र रात्रभर चालून वर वीज उरेल. एप्रिल-मेच्या तंजावरात पारा चाळिशीकडे जातो. तिथे पंख्यावर झोप लागणार नाही. म्हणून एक तर बाहेरून वीज घेण्याची सोय असलेला मुक्काम हवा, नाही तर जनरेटर. त्याचा आवाज मात्र शेजाऱ्यांना आणि आपल्यालाही ऐकावा लागतो.

पाण्याचंही तसंच. शंभर लिटरची टाकी ऐकायला मोठी वाटते. घरी एका माणसाची आंघोळ दीड बादलीत होते. चौघांनी तशा आंघोळी केल्या आणि वर भांडी घासली की टाकी तळाला जाते. संडासाची पेटी छोट्या गाड्यांत वीसेक लिटरची असते. माणसं चार असली, तर ती एक-दोन दिवसांत भरते. ती रिकामी कुठे करायची? तंजावर-कुंभकोणम पट्टा नद्या-कालव्यांनी विणलेला आहे. कावेरी, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी. रात्रीच्या अंधारात कोणाला दिसणार नाही म्हणून त्यात पेटी ओतणं हा देवदर्शनाला निघालेल्या माणसाचा धर्म नव्हे. मुक्कामाच्या ठिकाणी किंवा सार्वजनिक शौचालयात परवानगी घेऊन, प्रसंगी पैसे मोजून ते काम करावं लागतं. आणि हे काम ‘कोणीतरी’ करत नाही. यजमानांनाच करावं लागतं!

‘चार माणसांची झोपायची सोय’ याचा अर्थही विचारून घ्या. त्यातली दोन अंथरुणं बहुधा जेवणाचं टेबल मोडून तयार होतात. नातवंडं धरून पाच जण निघाली, तर पाचवं कुठे झोपणार? आणि गाडी चालू असताना कोणीही पलंगावर लोळू नये, ओट्यापाशी उभं राहू नये. जितकी पट्ट्यांची आसनं, तितकीच माणसं. गॅस असेल तर गाडी हलण्यापूर्वी बंद आणि स्वयंपाक करताना खिडकी उघडी, हा नियम घरच्यापेक्षाही कडक पाळायचा.

हंगामही बघा. आपल्याकडे दिवाळीत पाऊस सरलेला असतो, म्हणून मराठी माणूस सुट्टीत दक्षिणेकडे धावतो. तंजावरचा मुख्य पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१८च्या नोव्हेंबरात ‘गज’ चक्रीवादळाने याच भागाची दैना केली होती. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पोंगल असतो, भाताची सुगी असते. तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना त्याच सुमारास असते. मात्र त्या दिवसांत खोल्यांची चणचण भासते. स्वतःची अंथरुणं बरोबर असण्याचं सुख तेव्हा कळतं, फक्त गाडी उभी करायची जागा आधी फोनवर पक्की केलेली असावी.

भाड्याने घेताना

एवढं सगळं पाहून भाड्याने घ्यायचं ठरलं, तर पुण्याहून तंजावरपर्यंत गाडी दामटण्याची गरज नाही. साडेबाराशे किलोमीटरपैकी पहिले दोन दिवस नुसते महामार्गावर जातात. रेल्वेने बंगळुरूपर्यंत जावं, तिथून गाडी घ्यावी. तंजावर तिथून चारशे किलोमीटरच्या आसपास. भाड्याचे चार-पाच दिवस वाचले, म्हणजे वरच्या दराने पन्नास-साठ हजार वाचले. पैसे देण्यापूर्वी मात्र हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या :

• गाडी तमिळनाडूत न्यायला परमिट आहे का? राज्याचा कर कोण भरणार?
• दिवसाला किती किलोमीटर धरले आहेत? वरच्या किलोमीटरचा दर काय?
• ड्रायव्हर बरोबर असेल, तर तो रात्री कुठे झोपणार? त्याचं जेवण, भत्ता कोणाकडे? दिवसभर गाडी चालवणाऱ्या माणसाला पुढच्या सीटवर पाय मुडपून झोपवू नका. त्याच्या झोपेवर तुमचा जीव आहे.
• स्वतः चालवायची असेल, तर गाडीचं वजन किती? साध्या मोटारीच्या परवान्याची मर्यादा ७,५०० किलो आहे.
• ए.सी. उभ्या गाडीत किती वेळ चालतो? समोर चालवून दाखवा.
• संडासाची पेटी कोण रिकामी करणार?
• गाडी वाटेत बंद पडली, तर दुसरी कधी मिळेल? त्या रात्रीच्या खोलीचे पैसे कोण देणार?
• अनामत किती आणि कशाकशासाठी कापली जाते?

आणि सगळ्यांत आधी एक करा. एखाद्या शनिवारी घराजवळच एका रात्रीसाठी गाडी घ्या. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, कुठेही. यजमानांनी वरच्या बर्थवर चढून बघावं, बाईंनी रात्री दोनला उठून त्या इवल्याशा न्हाणीघरात वळून बघावं. गुडघे काय ते सांगतील. एका रात्रीचं भाडं हे ३० लाखांच्या चुकीपुढे काहीच नाही.

तरीही घ्यायचीच असेल तर...

काही घरांना मोटरहोम खरंच शोभते. जी जोडपी वर्षाचे दोन-तीन महिने रस्त्यावर काढतात, ज्यांच्या घरी मतिमंद किंवा चाकाच्या खुर्चीवरचं मूल आहे आणि हॉटेलच्या पायऱ्या हाच ज्यांचा शत्रू आहे, ज्यांच्याकडे गाडी ठेवायला स्वतःचं आवार आहे, त्यांनी जरूर घ्यावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीशी आधी बोलावं. तीन मीटर उंचीची गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये शिरत नाही आणि बाहेर दोन गाड्यांची जागा अडवते. मोटरहोमवरून पहिलं भांडण रस्त्यावर होत नाही, सोसायटीच्या सभेत होतं!

आता राहिला बाईंचा दुसरा प्रश्न. हा ओटा कशाला?

पस्तीस-चाळीस वर्षं ज्या बाईने घरच्या ओट्यापाशी काढली, तिच्या सहलीतही ओटा बरोबर यावा का? ‘‘बाहेरचं खाणं नको, आपण आपलं वरण-भात करू,’’ असं म्हणणारा माणूस बहुधा वरण-भात करणारा नसतो. ज्या मुलखात केळीच्या पानावर गरम भात वाढला जातो, तिथे जाऊन बायकोने दोन फुटांच्या ओट्यावर, घाम पुसत कुकर लावायचा असेल, तर सहल फक्त एकाचीच झाली. ओटा चहापुरता, औषधाचं पाणी तापवण्यापुरता, आजारी माणसाच्या पेजेपुरता असावा. हे गाडी घेण्याआधी ठरावं, नंतर नव्हे.

म्हणून माहितीपत्रक पाहून झालं की एक कोरा कागद घ्या. एका बाजूला यजमानांनी लिहावं, वर्षाच्या किती रात्री आणि कोणत्या मुक्कामांवर. दुसऱ्या बाजूला बाईंनी लिहावं, या गाडीत कोणतं काम कोण करणार. पाणी कोण भरणार, पेटी कोण ओतणार, चहा कोण टाकणार. दोन्ही बाजू भरल्या आणि तरीही दोघांच्या चेहऱ्यावर हसू राहिलं, तर आधी भाड्याची गाडी आणा. सलग तीन वर्षं भाड्याने नेऊनही ‘आपली हवी होती’ असं दोघांनाही वाटलं, तर मग खुशाल विकत घ्या.

सरफोजी राजे तीन हजार माणसांसह काशीला गेले, पण वाटसरूंसाठी त्यांनी छत्रं चालवली आणि मध्यरात्री घंटा वाजवून ‘कोणी राहिलं का?’ असं विचारण्याची व्यवस्था ठेवली. सहलीला निघालेल्या कुटुंबात ही घंटा घरच्याच कोणीतरी वाजवायची असते. बाईंनी पाणी प्यायलं का, आजींना आडवं व्हायला मिळालं का, ड्रायव्हर जेवला का? एवढं विचारणारा माणूस बरोबर असेल, तर लॉजच्या खोलीतही तंजावर सुखाचं होतं. तो नसेल, तर ३० लाखांच्या गाडीतही कोणीतरी उपाशी राहतंच.